५५ इंची पडदा आणि खालच्या पट्टीतला फुटका ‘ष्ट्र’

पुण्यात कोथरूडमधल्या एका घरात दिवाळीच्या खरेदीत ३२ इंची टीव्ही माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी ५५ इंची फोर-के आला. बाकी काहीच बदललं नाही. सोफा जागच्या जागी, गच्चीवरची छत्री तीच, सेट-टॉप बॉक्स तोच आणि महिन्याचा पॅकही तोच. पहिल्याच संध्याकाळी घरातल्या आजींनी तीन तक्रारी सांगितल्या. मालिकेतले चेहरे मेणाचे वाटतात, लाल साडीच्या काठावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं आणि बातम्यांच्या खालची पट्टी वाचता येत नाही. “अरे, तो जुनाच बरा होता, परत लाव,” असं त्या मुलाला रोज सांगत होत्या.

या तीन तक्रारी नीट लक्षात ठेवायला हव्यात, कारण तिन्हींची कारणं वेगवेगळी निघाली. आणि आजींचं निरीक्षण अगदी अचूक होतं. जुन्या टीव्हीवर त्याच वाहिन्या खरोखरच चांगल्या दिसत होत्या.

पुढच्या पंधरा दिवसांत दोन माणसं येऊन गेली. पहिल्याने छत्री फिरवून सिग्नल ‘वाढवला’, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलला आणि त्याचे पैसे घेतले. दुसऱ्याने टीव्हीचा पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ केला आणि शार्पनेस ८० वर नेऊन ठेवला. पहिल्याच्या कामाने काही फरक पडला नाही, दुसऱ्याच्या कामाने चित्र आणखी बिघडलं. मग मी पाहायला गेलो.

छत्रीचं आधी सांगून टाकू, कारण पुण्यात या तक्रारीवर सर्वात जास्त पैसे तिथेच वाया जातात. उपग्रहावरून येतं ते डिजिटल चित्र. सिग्नल एका मर्यादेच्या वर असला की ते पूर्ण येतं. खाली गेला की चौकोन फुटतात, आवाज तुटतो, पडदा गोठतो. जुलैतल्या मुसळधार पावसात होतं ते हेच. पण सिग्नल कमी म्हणून चित्र ‘धूसर’ झालं, असं डिजिटलमध्ये होत नाही. धूसर आणि मुंग्यांचं चित्र हा जुन्या अँटेनाच्या काळातला अनुभव. बॉक्सच्या माहितीच्या पानावर सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता दोन्ही चांगल्या असतील आणि चित्र कधी अडकत नसेल, तर छत्रीला हात लावायचं कारण नाही. या घरात दोन्ही आकडे उत्तम होते आणि आधीही उत्तमच असणार, कारण चित्र अडकतं अशी तक्रार कुणी केलीच नव्हती.

नंतर पॅनेलची परीक्षा. टीव्हीच्याच यूट्यूब ॲपवर एक फोर-के व्हिडिओ लावला. झाडाचं पान न् पान वेगळं दिसत होतं. म्हणजे पडदा निर्दोष. या पाच मिनिटांच्या चाचणीने टीव्ही बदलून घेण्याचा वाद तिथल्या तिथे मिटतो. दुकानात हीच गोष्ट उलट्या बाजूने फसवते: तिथे दिवसभर कंपनीची फोर-के चित्रफीत चालू असते आणि एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन, म्हणजे जुन्या साध्या बारकाईची) वाहिनी कुणी लावूनच दाखवत नाही. मोठा टीव्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला साधी एसडी मराठी वृत्तवाहिनी लावायला सांगा आणि घरी सोफा जितका लांब असतो तितकं लांब उभं राहून पाहा.

मग आकड्यांचा हिशेब. आपल्याकडचं एसडी चित्र पूर्ण आकाराचं असलं तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचं. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू. भागाकार बरोबर २० येतो. आलेल्या एका बिंदूवरून टीव्हीला २० बिंदू रंगवायचे असतात. उरलेले १९ तो अंदाजाने भरतो. त्यात डीटीएचवर एसडी वाहिन्या आडव्या दिशेने ७२० पेक्षा कमी बिंदूंतही पाठवल्या जातात, आणि उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरवर (सिग्नल परत पाठवणाऱ्या यंत्रावर) बऱ्याच वाहिन्या बसवायच्या म्हणून चित्र खूप दाबलेलं असतं. याच मापाची डीव्हीडी पुष्कळ बरी दिसते, कारण तिथे व्हिडिओला सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत जागा मिळते. एसडी वाहिनीच्या वाट्याला त्याच्या निम्म्याहून बरंच कमी येतं. दाबताना चित्राचे छोटे चौकोन पाडले जातात. ८ ओळींचा एक चौकोन ५५ इंची पडद्यावर सुमारे साडेनऊ मिलिमीटर उंच होतो. क्रिकेटच्या मैदानावर कॅमेरा वेगाने फिरला की गवताच्या जागी हिरव्या फरशा दिसतात, त्या याच.

आता अंतर. चांगल्या नजरेला एका कोनीय मिनिटापेक्षा (अंशाच्या साठाव्या भागापेक्षा) लहान तपशील वेगळा दिसत नाही. ५५ इंची पडद्याची उंची ६८.५ सेंटिमीटर; त्यात ५७६ ओळी बसवल्या की एक ओळ १.१९ मिलिमीटरची. ती नजरेत विरघळायला ४.१ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेतेरा फूट लांब बसावं लागतं. ३२ इंची पडद्यावर तीच ओळ ०.६९ मिलिमीटरची, आणि त्याला पावणेआठ फूट पुरतात. या घरात सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून पडदा टेपने मोजला तर आठ फूट भरला. आजी बरोबर होत्या त्या इथे. आठ फुटांवर ३२ इंची टीव्ही एसडीचे दोष जेमतेम झाकत होता, ५५ इंचीवर ते झाकले जाणं शक्यच नव्हतं. एचडीचा हिशेब मात्र वेगळा: १०८० ओळींसाठी ५५ इंचीला सव्वासात फूट पुरतात. म्हणजे हाच हॉल एचडीला पुरेसा आहे, एसडीला अपुरा.

एवढ्यावर ‘वाहिनीच एसडी आहे, काय करणार’ असं म्हणून थांबलं असतं तर चूक झाली असती. मेणाचे चेहरे आणि काठावरच्या मुंग्या या उपग्रहावरून येत नव्हत्या, त्या घरातच तयार होत होत्या.

परीक्षेसाठी एक वृत्तवाहिनी लावून पट्टीत ‘महाराष्ट्र’ शब्द यायची वाट पाहिली. फार वेळ थांबावं लागत नाही. मराठी प्रेक्षकासाठी याहून चांगला तपासणी-पट मिळणार नाही. ‘ष्ट्र’मध्ये आडव्या रेघा, तिरक्या रेघा आणि खाली कोंबलेला रकार एवढ्याशा जागेत एकत्र येतात, वर शिरोरेखेची सलग बारीक ओळ असते आणि बहुधा हे सगळं लाल पट्टीवर पांढऱ्या रंगात असतं. पडद्यापासून दोन फुटांवर उभं राहून पाहिलं तर ‘ष्ट्र’चा खालचा भाग भरून गेलेला होता, पांढऱ्या अक्षरांची कड गुलाबी झाली होती आणि त्या कडेवर बारीक ठिपके वर सरकत होते.

सरकणारे ठिपके दिसले की थेट टीव्हीच्या मागे जावं. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी एव्ही वायर होती. नव्या टीव्हीला त्या तीन पिना बसेनात, म्हणून कुणीतरी ३.५ मिलिमीटरच्या भोकात जाणारा जोड लावला होता. पिवळ्या वायरीत उजेडाची आणि रंगाची माहिती एकाच तारेतून जाते, रंग ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर बसवलेला असतो. टीव्हीला ते दोन्ही पुन्हा वेगळे करावे लागतात आणि ते कधीच पूर्ण वेगळे होत नाहीत. रंगाचे अवशेष ठिपके होऊन कडेवर चालतात, तर उजेडातला बारीक तपशील चाळणीत अडकून जातो. आजींच्या मुंग्या त्या ह्याच. बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं भोक होतं आणि त्यावरची प्लास्टिकची टोपीसुद्धा काढलेली नव्हती.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून दीड मीटरची साधी एचडीएमआय केबल आणली, तीनशेच्या आत. सोन्याचा मुलामा किंवा फोर-केचा शिक्का असलेली महागडी केबल या कामाला लागत नाही. बॉक्सकडून येणारं चित्र कुठल्याही धड केबलमधून पूर्ण जातं. लावताना टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बटणापासून बंद करा. अर्थिंग नसलेल्या प्लगवर दोन्ही उपकरणांच्या धातूमध्ये थोडा विजेचा फरक राहतो आणि चालू स्थितीत केबल घुसवताना पोर्ट जळू शकतो. मुंग्या त्याच क्षणी गेल्या, गुलाबी कडही बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही, कारण एसडी प्रक्षेपणात रंग मुळातच उजेडाच्या निम्म्या बारकाईने पाठवलेला असतो, उभ्यातही आणि आडव्यातही.

ज्यांच्या बॉक्सला एचडीएमआयच नाही, त्यांनी निदान जोड तरी टीव्हीसोबत आलेलाच वापरावा. या चार कड्यांच्या पिनांमध्ये व्हिडिओ, आवाज आणि अर्थिंग यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. भलताच जोड लावला तर चित्र गडबडतं आणि स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. काही टीव्हींवर हिरवं भोक एव्ही आणि कंपोनंट या दोन्हींसाठी असतं. तिथे टीव्हीवर ‘कंपोनंट’ निवडलेलं राहिलं की चित्र कृष्णधवल दिसतं. बॉक्स बिघडला असं समजून लोक तो बदलून आणतात.

केबल बदलली तरी ‘ष्ट्र’ अजून जाड आणि वरून-खालून ताणलेला होता. बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार ‘४:३’ होता, कधीकाळी पेटीच्या टीव्हीसाठी केलेला. ही सेटिंग दिसायला निरुपद्रवी असते, नुकसान मात्र मोठं करते. वाहिनी १६:९ मध्ये आली की बॉक्स ती ४:३ च्या चौकटीत बसवण्यासाठी वर-खाली काळ्या पट्ट्या घालतो. ५७६ पैकी १४४ ओळी त्या काळ्या रंगात खर्ची पडतात, चित्राला उरतात ४३२. इकडे कुणीतरी पट्ट्या नकोत म्हणून टीव्हीवर ‘झूम’ केलेलं. त्या ४३२ ओळी ताणून पूर्ण पडदा भरला जात होता आणि एक ओळ १.१९ ऐवजी जवळपास १.६ मिलिमीटरची झाली होती. वरच्या हिशेबाने हे चित्र स्वच्छ दिसायला अठरा फूट अंतर लागेल. बॉक्स ‘१६:९’ वर आणि टीव्ही ‘ओरिजिनल’वर नेला. टीव्हीच्या कंपनीनुसार याला ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ अशी नावं आहेत. चित्राची कड न कापणारा पर्याय तोच. पट्टीचा तळ आणि कोपऱ्यातलं घड्याळ तोपर्यंत अर्धं कापलं जात होतं, तेही पूर्ण दिसू लागलं.

एक अडचण उरते. काही वाहिन्या आपलं रुंद चित्र काळ्या पट्ट्यांसकट ४:३ मध्येच पाठवतात, त्यामुळे ते चारी बाजूंनी काळ्या चौकटीत दिसतं. ते बॉक्सच्या सेटिंगने सुधारत नाही. त्या वाहिनीपुरतं रिमोटने झूम करायचं आणि बाहेर पडताना परत आणायचं. ४:३ चं चित्र पडदाभर ताणणं मात्र टाळावं: माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात आणि आडवा तपशील आणखी विरळ होतो.

पुढचा प्रश्न बॉक्सने टीव्हीला कोणतं चित्र द्यावं याचा. बॉक्स १०८०आय वर होता. एकाच वृत्तवाहिनीवर १०८०आय, ७२०पी, ५७६पी आणि ५७६आय हे चारही पर्याय लावून पाहिले. आकडा ओळींचा; ‘आय’ म्हणजे ओळी एकाआड एक, ‘पी’ म्हणजे सगळ्या एकदम. एसडी चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत येतं, सेकंदाला असे ५० भाग. ते जोडायचं काम बॉक्स करतो किंवा टीव्ही, आणि दोघांची अक्कल सारखी नसते. १०८०आय वर सरकत्या अक्षरांच्या तिरक्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसत होत्या आणि शिरोरेखा थरथरत होती. आडवी बारीक रेघ दोन भागांपैकी एकाच भागात येते आणि जोडणी कच्ची असली की ती दिसते-नाहीशी होते. देवनागरीत तर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर तशी रेघ. ५७६आय वर जोडणीचं काम टीव्हीकडे गेलं आणि शिरोरेखा स्थिर झाली. शिवाय येणारं चित्र एसडी आहे हे टीव्हीला कळल्याने त्याची एसडीसाठीची सफाई लागू झाली. ५७६पी आणि ७२०पी या दोन्हींच्या मधले.

ज्यांचा सगळा पॅक एसडीच आहे त्यांनी ५७६आय ठेवावं, टीव्हीने ते नाकारलं तर ५७६पी. आलं तसं पुढे पाठवणारा ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ पर्याय बॉक्सवर असेल तर सर्वात उत्तम. वाहिनी बदलताना पडदा दोन-तीन सेकंद काळा होईल, तेवढं चालवून घ्यावं. या घरातल्या बॉक्सवर तो पर्याय नव्हता आणि पुढे एचडी वाहिन्या घ्यायच्या होत्या, म्हणून शेवटी १०८०आय कायम ठेवलं. ५७६आय ठेवलं असतं तर एचडीसाठी भरलेले पैसे बॉक्सच्याच दारात वाया गेले असते.

मेणाचे चेहरे सर्वात शेवटी, आणि हा क्रम मुद्दाम. येणारं चित्र सुधारल्याशिवाय टीव्हीच्या सेटिंगला हात लावला तर केबलचा दोष झाकण्यासाठी केलेल्या तडजोडी कायमच्या राहून जातात. या टीव्हीवर शार्पनेस ८०, नॉइज रिडक्शन ‘हाय’, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट ‘हाय’ आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण चालू होती. यातल्या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध काम करत होत्या. नॉइज रिडक्शन गालावरचा पोत दाण्यांसकट पुसून टाकत होतं, आणि शार्पनेस त्या पुसलेल्या चेहऱ्याभोवती पांढरी कड काढत होता. मेणाच्या बाहुलीला शाईने बाह्यरेषा काढावी तसं ते दिसत होतं.

पिक्चर मोड ‘सिनेमा’ केला. शार्पनेस ठरवण्यासाठी बॉक्सचा मेन्यू पडद्यावर आणला आणि आकडा एकेक कमी करत अक्षरांशेजारची पांढरी सावली जिथे नाहीशी झाली तिथे थांबलो. इथे तो १२ वर आला. दुसऱ्या कंपनीच्या टीव्हीवर हाच तटस्थ बिंदू ५० वर असू शकतो, म्हणून आकडा उचलू नका, पद्धत उचला. साधं नॉइज रिडक्शन बंद, चौकोन विरघळवणारं एमपेग नॉइज रिडक्शन ‘लो’, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, हालचालीची सोय बंद. बारकाई वाढवून देणारा ‘सुपर रिझोल्यूशन’ही बंद केला, दाबलेल्या एसडीवर तो चेहऱ्याऐवजी चौकोनांची कड ठळक करतो. बॅकलाइट रात्रीसाठी थोडा उतरवला, कारण काळोख्या हॉलमध्ये झगझगीत पडद्यावर सावल्यांतली खळबळ जास्त दिसते. बऱ्याच टीव्हींवर या सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टच्या वेगळ्या राहतात. त्यामुळे बॉक्सची केबल नंतर दुसऱ्या पोर्टला लावली की सगळं बिघडल्यासारखं वाटतं.

टीव्ही लाकडी युनिटवर भिंतीपासून दीड फूट पुढे होता. तो भिंतीवर घेतल्यावर अंतर आठ फुटांचं सव्वानऊ झालं. विटांच्या भिंतीत हे सोपं आहे; पोकळ ब्लॉकच्या भिंतीत मात्र त्यासाठीचेच अँकर लागतात. सव्वा फुटाने चमत्कार होत नाही, पण चेहऱ्यांवरचे चौकोन सोफ्यावरून दिसेनासे झाले.

पॅकमध्ये फक्त तीन बदल केले. स्टार प्रवाह, झी मराठी आणि कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या घेतल्या आणि त्यांच्याच एसडी आवृत्त्या पॅकमधून काढल्या. दोन्ही ठेवल्या तर दोन्हींचे पैसे जातात आणि सवयीने जुनाच क्रमांक दाबला जातो.  संपूर्ण एचडी पॅक मात्र घेऊ नये, त्यातल्या अर्ध्या वाहिन्या या घरात कुणी लावत नाही. मालिकांचा प्रश्न इथे पूर्ण सुटला.

बातम्यांचा सुटला नाही. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या डीटीएचवर एसडीतच येतात, आणि पट्टी आता वाचता येत असली तरी ‘ष्ट्र’चा रकार सोफ्यावरून अजूनही चिकटलेला दिसत होता. तो सोडवणारी कोणतीही केबल किंवा सेटिंग नाही, कारण तो छत्रीपर्यंत येतानाच चिकटलेला असतो. पण अनेक वृत्तवाहिन्यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट चालू असतं आणि तिथे ते एसडीपेक्षा पुष्कळ स्वच्छ मिळतं. थोडं उशिरा येतं आणि तासाला दीड-दोन जीबी डेटा खातं. घरात ब्रॉडबँड असेल तर त्याची चिंता नाही. टीव्हीच्या रिमोटवर यूट्यूबची वेगळी कळ होती. आजींच्या नेहमीच्या दोन वाहिन्या सबस्क्राइब करून ठेवल्या, कळीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, आणि सातच्या बातम्या त्या आता तिथेच पाहतात. सव्वानऊ फुटांवरून रकार सुटा वाचता येतो.